कान्हेरी की कार्ले? एका रविवारचा हिशेब

ऐरोलीला राहणारी माझी भाची प्राचीन इतिहासात एम.ए. करतेय. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, एकच रविवार मोकळा आहे. जुन्या व्यापारी वाटांवरची लेणी बघायचीत. घारापुरी, नाणेघाट, कार्ले, कान्हेरी, यातलं एक सांग. आणि 'सगळी छान आहेत' असं नको सांगूस." फोनवर मी जे तुटक-तुटक बोललो ते इथे जरा नीट मांडतो. ठाण्याहून किंवा नवी मुंबईतून या चारही ठिकाणी एका दिवसात जाऊन येता येतं, त्यामुळे हा पेच तिच्या एकटीचा नाही.

घारापुरी पहिल्यांदा बाजूला काढतो. साधारण सहाव्या शतकातल्या तिथल्या महेशमूर्तीला तोड नाही, आणि शिल्पच बघायचं असेल तर पुढचं वाचूही नका, सरळ गेटवेची लाँच पकडा. पण भाचीला व्यापार बघायचाय. बेटावरच्या मोराबंदरला भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं सापडलीत, म्हणजे लांबची मालवाहतूक इथवर पोचत होती. लेण्यात उभं राहिल्यावर मात्र यातलं काही दिसत नाही. एवढं काम कुणी करवून घेतलं, पैसा कुठून आला, भिंती काही बोलत नाहीत. एक कोरीव लेख होता, तो पोर्तुगीजांनी नेला आणि पुढे तो हरवला. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं तो आता राणीच्या बागेत उभा आहे.

नाणेघाटाचं उलट आहे. तिथे वाट आहे, कला जवळजवळ नाही. कोकणात कल्याण बंदर, घाटमाथ्यावर जुन्नर, पुढे पैठण. या रस्त्याची ही खिंड. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लांबलचक लेख आहे, यज्ञात दिलेल्या गायी आणि कार्षापण नावाच्या नाण्यांचे आकडे त्यात कोरलेत, आणि अंकलेखनाच्या इतिहासात त्या आकड्यांना फार मान आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वरची नावं उरलीत, माणसं गेलीत. वर खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. मुरबाडवरून वैशाखऱ्याला उतरून अडीच-तीन तास चढायची तयारी असेल तर जा. पाय साथ देणार नसतील तर हट्ट नको.

राहिली कार्ले आणि कान्हेरी, आणि खरी चुरस इथेच आहे.

कार्ल्याला आपल्याकडच्या निम्म्या लोकांनी पाहिलंय आणि तरी पाहिलेलं नाही. दिवाळे, सारसोळे, घणसोली, चेंदणी, कुठल्याही आगरी-कोळी घरात विचारा, एकवीरेला सगळे जाऊन आलेले असतात. देवळाला लागूनच भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, आहे. दर्शनाच्या रांगेतून सुटलेली माणसं तिथे सावलीला टेकतात, एक फोटो काढतात आणि उतरतात. मीही तीन वेळा तेवढंच केलं. चौथ्या खेपेला टॉर्च नेला. टॉर्च समोरून मारला तर खांब सपाटच दिसतो. दगडाला जवळजवळ टेकवून आडवा मारला की ब्राह्मी अक्षरं सावली धरून वर येतात. मी खांबाला गाल लावून उभा, तर मागून एका आजींनी विचारलं, "काय हरवलंय का रे बाबा?" म्हटलं, आजी, ज्यांनी खांब दिले त्यांची नावं शोधतोय. त्या म्हणाल्या, "मग आमच्या देवळातल्या फरश्यांवर पण असतात की."

अगदी तसंच आहे ते. एकेका खांबाचा एकेक दाता. धेनुकाकट नावाच्या गावचे 'यवन' इथे वारंवार भेटतात, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. पण त्यांची नावं धम्म, सिहधय अशी इथल्या मातीतली. ते धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरं-सुगंध विकणाऱ्याने, दर्शनी दार दिलं. सोपाऱ्याहून आलेल्या एका भिक्षूने खांब दिला. आणि व्हरांड्यात भूतपाल नावाचा श्रेष्ठी, म्हणजे बडा व्यापारी, वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, चक्क जाहिरात करून गेलाय: हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम. वर बघा, छताच्या कमानीसारख्या लाकडी फासळ्या त्या काळातल्या आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड डोक्यावर असताना आपण खाली सेल्फी काढत असतो.

मग कार्लेच का नाही? एक तर गर्दी. रविवारी, त्यातून चैत्रात, खांबापाशी पाच मिनिटं शांत उभं राहता येत नाही. दुसरं म्हणजे कार्ल्याची नजरेत भरणारी श्रीमंती एका चैत्यात आणि एकाच काळात एकवटलेली आहे. देवाणघेवाण काळाबरोबर कशी बदलली हे तिथे कळत नाही. ते कान्हेरीत कळतं.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या या कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत आणि इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेली ही वस्ती दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत टिकली. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, व्यापाऱ्यांच्या दानातून झालेलं. आराखडा कार्ल्याचाच, पण हात तेवढा सफाईचा नाही. शेजारी ठेवलं तर कार्लेच जिंकेल. चित्रांच्या आशेनेही जाऊ नका, 34व्या लेण्याच्या छतावर बुद्धाची अर्धवट राहिलेली रंगीत चित्रं तेवढी आहेत.

कान्हेरी जिंकते ती पाण्यावर. जवळपास प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, अंगणाशी कातळात खोदलेलं टाकं आहे. लेखांत त्याला 'पोढी' म्हणतात. कातळावरून टाक्यापर्यंत पन्हळी कोरल्यात. पावसाळ्यात गेलात तर त्या आजही वाहताना दिसतात. अशीच एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिली. राजा नाही, श्रेष्ठी नाही, कल्याणचा सोनार! दात्यांची गावं वाचत जा: कल्याण, सोपारा, चेऊल, नाशिक. आपलीच लोकलची आणि एसटीची गावं. कल्याणचे दिवस सगळे सुखाचे नव्हते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक टिपणात लिहिलंय की तिथे लागणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदराची अशी कोंडी झाली तरी पुढच्या काळात कल्याणकर कान्हेरीला दान देतच राहिले.

नव्वदावं लेणं चुकवू नका. तिथे अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व संकटातल्या माणसांना तारतोय, आणि त्या संकटांत जहाज बुडण्याचंही आहे. ज्यांचा माल समुद्रावर असायचा त्यांना हे शिल्प वेगळंच दिसत असणार. त्याच लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशांची नावं. हेच काम आज कुणी केलं तर दंड होतो, आणि व्हायलाच हवा. त्याआधी नवव्या शतकात गौड देशातून, म्हणजे बंगालातून, आलेल्या एका बौद्ध उपासकाने इथे द्रम्मांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमठेव ठेवली. तेव्हा उत्तर कोकणावर राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार होते, ज्यांची राजधानी पुढे आपलं ठाणं झालं.

जायचं कसं? येऊर त्याच जंगलाच्या अलीकडच्या कडेला असलं तरी तिथून कान्हेरीला जाता येत नाही. घोडबंदर रस्त्याने वळसा घालून बोरिवलीचंच दार गाठावं लागतं. ठाणे-बोरिवली बोगदा होईल तेव्हा होईल. नवी मुंबईकरांना हा वळसा खरंच जाचक आहे. खारघर-पनवेलच्या लोकांनी द्रुतगती मार्गाने कार्ले गाठावं, पण सुट्टी टाकून, आडवारी. ऐरोली मध्येच आहे, म्हणून भाचीला कान्हेरी. मात्र सोमवार टाळायचा. घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही तेव्हा बंद असतात. मी एकदा मुद्दाम गर्दी नको म्हणून सोमवारची रजा टाकली होती आणि बंद दारासमोर वडापाव खाऊन परतलो होतो.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला उद्यानाच्या दारात भेटायचं ठरलंय. टॉर्च ती आणणार, थालीपीठं मी. माकडांपासून पिशवी सांभाळायचं काम अजून कुणी पत्करलेलं नाही.