पाण्यातल्या झाडांसाठी शृंगारतळीजवळची रोपवाटिका

गुहागरहून चिपळूणला जाताना शृंगारतळी मागे पडली की रस्त्याला लागूनच एक रोपवाटिका दिसते. नावाची पाटी नाही. पत्र्यावर रंगाने ‘आंबा-काजू कलमे, पाण्यातली झाडे’ एवढंच लिहिलंय. कलमं काय, कुठेही मिळतात. पाण्यातल्या झाडांसाठी मात्र आमच्या बाजूला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही, आणि त्याचं श्रेय तिथल्या वहिनींचं. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात. कलमं त्यांच्याकडे, पाणरोपं वहिनींकडे.

मला कमळ हवं होतं. आमच्या परसात विहिरीच्या कडेला जांभ्या चिऱ्याची टाकी आहे, 6 बाय 4 फुटांची, 2 फूट खोल. वहिनींनी रोप दाखवायच्या आधी चौकशीच सुरू केली. “काकू, टाकीवर ऊन किती वाजता येतं नि किती वाजता जातं? विहीर समुद्रापासून किती लांब? मे महिन्यात पाणी मचूळ होतं का? गिलावा जुना की नवा?”

यातला एकही प्रश्न उगाच नव्हता. कमळाला रोज निदान 6 तास थेट ऊन लागतं. आमच्याकडे माड आणि पोफळी. दुपारी 1 नंतर टाकी सावलीत जाते. तेवढ्या उन्हात कमळ पानं काढत राहील, पण फुलणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि कंद काही दिला नाही. 300 रुपयांचा कंद होता, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार होतं. मला त्यांचं हेच सर्वांत आवडलं.

मचूळ पाण्याचं म्हणाल, तर किनाऱ्यालगतच्या विहिरींना मे अखेरीस खारटपणा येतो आणि कुमुदाला, म्हणजे वॉटर लिलीला, तो सोसत नाही. पानांच्या कडा करपतात. आमची विहीर आत आहे म्हणून निभावलं. ज्यांची खाडीला लागून आहे त्यांना वहिनी पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून उन्हाळ्यात तेच टाकीत घालायला सांगतात. आणि गिलावा? ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो. टाकी भरायची, आठवडाभर ठेवायची, उपसायची, परत भरायची, असं तीन-चार वेळा केल्याशिवाय त्यात झाड किंवा मासा सोडायचा नाही. गिलावा न करताही चालत नाही, कारण जांभा पाणी पितो.

कमळाऐवजी मी कुमुदाची दोन रोपं घेतली. एक रात्री उमलणारं लाल, दुसरं निळसर जांभळं, दिवसा फुलणारं. दीडशे रुपयांना एक. तिसरं मागितलं तर “एका कुमुदाची पानं तीन-चार फूट पसरतात, तुमच्या टाकीला दोन पुष्कळ झाली” हे उत्तर मिळालं. पानांनी निम्म्याहून थोडं जास्त पाणी झाकलं की ऊन आत कमी जातं, मग शेवाळ माजत नाही. सगळंच झाकलं तर खालचे मासे गुदमरतात. लाल कुमुद नोकरी करणाऱ्यांनी जरूर लावावं. ते संध्याकाळी उमलतं आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत उघडं असतं, त्यामुळे घरी असताना बघायला मिळतं. जांभळं सकाळी उशिरा उघडतं आणि दुपारनंतर मिटतं. त्याच्या पानाच्या मधोमध, देठ जिथे पानाला जुळतो तिथे, इवलंसं पिल्लू फुटतं. मुळं आली की ते काढून कुंडीत लावता येतं. माझ्या शेजारणीकडचं कुमुद असंच तयार झालेलं आहे.

लावण्याची पद्धत त्या समोर करून दाखवतात. कुंडी रुंद आणि उथळ. माती भाताच्या खाचरातली, चिकण. आपली लाल, खडीमिश्रित माती चालत नाही आणि कोकोपीट तर नाहीच, ते वर तरंगतं आणि पाणी चहासारखं होतं. तळाला मूठभर पूर्ण कुजलेलं शेणखत, वर माती, सगळ्यात वर बोटभर खडी, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. कोंब मातीवर राहिला पाहिजे. कुंडी आधी दोन-तीन विटांवर ठेवायची. पानं वर आली की एकेक वीट काढून खाली न्यायची. रासायनिक खताचे दाणे पाण्यात भिरकावले की आठवड्यात पाणी हिरवं होतं. ज्यांच्याकडे उघडं ऊन आहे आणि कमळच लावायचंय, त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं आणि कुंडी गोल घ्यावी. कमळाचा कंद आडवा धावतो. चौकोनी कुंडीच्या कोपऱ्यात त्याचं टोक अडकतं.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. ऑनलाइन ‘निळ्या कमळाच्या बिया’ विकतात आणि लोक फसतात. खऱ्या कमळात निळा रंग नाहीच. आपलं कमळ गुलाबी किंवा पांढरं, अमेरिकेतलं पिवळं. निळं असतं ते कुमुद. ओळखायला सोपं आहे: कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच असते आणि ते पाण्यावर पडून राहतं. कमळाचं पान अखंड वाटोळं, पाण्याच्या वर उभं. वहिनी दोन्ही पानं गिऱ्हाइकाच्या हातात देतात, फोनवरचे फोटो दाखवत बसत नाहीत.

टाकीच्या सावलीच्या बाजूला त्यांनी वेखंड आणि ब्राह्मी सुचवली. दोन्ही जोमात आहेत. अळू तर आमच्या पाटाच्या कडेला होताच. पाणकणीस त्या घरगुती टाकीसाठी विकत नाहीत. त्याची मुळं सगळी जागा व्यापतात.

आता खटकलेल्या गोष्टी. दर्शनी भागात बादलीभर जलपर्णी ठेवलेली असते, वीस रुपयांना मूठभर. फुलं सुंदर असतात, म्हणून लोक नेतात. पण ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती पुण्यात मुळा-पवनेचं पात्र कशी झाकून टाकते ते सगळ्यांनी पाहिलंय. कोकणात तर जुलैमध्ये टाकी भरून वाहते आणि तिथून थेट पऱ्या, म्हणजे लहानसा ओढा, पऱ्यातून नदी. मी वहिनींपाशी हे बोलले. त्यांना पटतं, पण बादली अजून तिथेच आहे. ही विक्री बंद व्हायलाच हवी. आणि तुमच्या टाकीत काहीही तरंगतं असेल, तर सांडव्याला बारीक जाळी लावाच.

दुसरं, रोपांवर चिठ्ठ्या नाहीत. वहिनी नसल्या तर दुसऱ्या कुणाला रंग सांगता येत नाही. रोपांना गोगलगायीची अंडीही चिकटून येतात, पानाखाली पारदर्शक बुळबुळीत थर दिसतो तो. पुसून काढा आणि चार दिवस वेगळ्या बादलीत ठेवा.

डासांसाठी त्या गप्पी मासे फुकट देतात. काम चोख करतात, पण ते परदेशी आहेत, वहाळात (ओढ्यात) जाता कामा नयेत. मी आमच्याच वहाळातले, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेले बारके मासे सोडले. ते पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि अळ्या शिल्लक ठेवत नाहीत. बेडूक आपसूक आले. त्यांच्यामागे दिवड (पाणसाप) आलं तर मारू नका, ते बिनविषारी असतं.

पावसाळ्यात ढगांमुळे फुलं कमी येतात, त्याची तक्रार घेऊन जाऊ नका. ऑक्टोबरनंतर गेलात तर त्यांच्या टाक्या फुललेल्या असतात आणि रंग बघून निवडता येतं. सकाळी लवकर जा. उशीर केलात तर लाल कुमुद मिटलेलं असेल. घरून झाकणाची बादली न्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून देतात, पण दुचाकीवर वाऱ्याने पानं सुकतात. पैसे रोख ठेवा, तिथे रेंज नसते.