चार दिवसांची रजा : भिगवण-कडबनवाडी की गोवा?

जानेवारीत चार दिवस मोकळे आहेत, गळ्यात दुर्बीण आहे आणि एकाच फेरीत पाण्यावरचे आणि शिवाय माळावरचे किंवा जंगलातले पक्षी पाहायचेत. पुण्यामुंबईकडच्या माणसासमोर अशा वेळी दोनच पर्याय खरे टिकतात. तिसरा ताडोबाचा. तो मी आधीच बाद करतो. वाघ दिसायचे तर एप्रिल-मे, पाणवठे आटल्यावर. तोवर बदकं आणि पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) उत्तरेला परतलेले असतात. शिवाय जिप्सीतून उतरता येत नाही. सुतारपक्ष्यासाठी ‘थांबवा हो’ म्हटलं की बाकीचे पाच जण आपल्याकडे कसे बघतात ते एकदा अनुभवलंय, पुरे झालं.

भिगवणची मोठी सोय म्हणजे अंतर. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. पहाटे निघालात तर उन्हं वर यायच्या आत कुंभारगावात होडीत बसता येतं. इथलं उजनी धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर तुडुंब असतं, मग जसजसं उतरतं तसतशी दलदल उघडी पडते आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथे चरायला येतात. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला जाऊन ‘फ्लेमिंगो कुठायत?’ विचारणाऱ्यांना मी फेब्रुवारीत या म्हणतो. पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक मात्र जानेवारीतही भरपूर. होडीवाले तिथलेच मच्छीमार, पक्षी नावानिशी ओळखतात. फक्त ‘थवा उडवू नका, लांबूनच बघू’ हे बसतानाच सांगा. उडाल्याचा फोटो मिळावा म्हणून होडी जवळ घालायचा हट्ट पुष्कळदा आपल्यासारखेच लोक धरतात.

दुसरा दिवस माळाचा. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीकडच्या शिरसुफळला वनखात्याची गवताळ सफारी आहे, बुकिंग ऑनलाइन करून जावं. चिंकारा बहुधा दिसतो, खोकड नशिबाने, लांडगा फारच नशिबाने. पक्ष्यांमध्ये धाविक, पखुर्डी आणि संध्याकाळी गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी. माळ पहिल्या तासाभरात रिकामा वाटतो. मग डोळा बसतो आणि जे ढेकूळ वाटलं होतं ते चालायला लागतं. माझ्या मते अख्ख्या भिगवण फेरीतला सर्वांत चांगला वेळ हाच, आणि लोक नेमका तोच गाळून चिलापी फ्राय खाऊन परत फिरतात. (खावी जरूर. पण माळ बघून.)

गोव्याचं गणित वेगळं. पुण्याहून एक रात्र प्रवासाची, म्हणजे चारातले हाती तीनच दिवस. पण पणजीजवळची खारफुटी आणि मोलेचं दाट जंगल यांत दीड तासाचंही अंतर नाही. एक सकाळ चोडण बेटावर : रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे डॉ. सलीम अली अभयारण्य. ते जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं आहे, तेव्हा तिथे दिवस घालवू नका. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीला पोचा, चिखल उघडा असला तरच मजा. दुसरी फेरी होडीने, जुवारी नदीत किंवा कुंभारजुव्याच्या कालव्यात. खंड्यांचे वेगवेगळे प्रकार आणि काठावर उन्हाला पडलेल्या मगरी.

उरलेला सगळा वेळ मोले आणि तांबडी सुर्ल्याला द्या. मलबारी कर्णा, मलबारी कवड्या धनेश हे पक्षी, झाडांच्या माथ्यावर शेकरू. फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याची जोडी दिवसा वाळक्या पानांसारखी चिकटून बसते, ती स्थानिक गाइडशिवाय सापडणं जवळपास अशक्य, तेव्हा गाइडचे पैसे वाचवू नका. या जंगलात पक्षी आधी ऐकू येतो. अर्धा तास काहीच नाही आणि मग एकदम दहा जातींचा मिश्र थवा डोक्यावरून सरकतो. उजेड कमी, मान दुखते, फोटो हलतात. फोटोसाठीच जाणार असाल तर भिगवणच्या मोकळ्या प्रकाशाला तोड नाही.

खर्चात भिगवण निम्म्याहून स्वस्त पडतं. गोवा ठरवलंच तर नाताळ ते नवं वर्ष हे दिवस टाळा, खोल्यांचे दर तेव्हा वेड्यासारखे चढलेले असतात. बोंडला अभयारण्यही यादीत असेल तर ते गुरुवारी बंद असतं हे लक्षात ठेवा.

आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील, किंवा ही पहिलीच फेरी असेल, तर भिगवण : पक्षी मोठे, उघड्यावर, दुर्बिणीशिवायही दिसतात. तिथेही दोन दिवसच लागतात, उरलेल्या दोनांत नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वर जोडू नका, पुन्हा बदकंच बघाल. त्यापेक्षा एक सकाळ आणखी माळावर काढा. पाणपक्षी बघून झाले असतील आणि सोबतीला दोघं-तिघंच, पहाटे पाचला न कुरकुरता उठणारे असतील, तर सरळ गोव्याची तिकिटं काढा.