खाऱ्या पाण्याचा टँक घेताय? आधी मीठ बघा

एप्रिलमध्ये आम्ही घरी खाऱ्या पाण्याचा टँक लावला. पुढच्या चोवीस दिवसांत त्यात दोनदा मासे सोडले आणि दोन्ही वेळा सगळे मेले. सदतीस हजारांच्या वर पैसे गेले. दुकानदाराचं नाव इथे लिहीत नाही, पण त्याने काय केलं ते जसंच्या तसं सांगते, कारण हाच प्रकार दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या पाटीखाली तुमच्याही वाट्याला येऊ शकतो.

मी लहान असताना बाबा आम्हाला चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. काचेला नाक लावून बघितलेले ते रंग डोक्यातून कधी गेलेच नाहीत. मुलाला तिथे न्यावं म्हटलं, तर ते बंद. घरी पाच-सहा वर्षं गप्पी आणि मॉली हे गोड्या पाण्यातले छोटे मासे सांभाळले होते, म्हणून मुलाच्या अकराव्या वाढदिवसाला मरीन टँकच घेऊ असं ठरलं.

दुकान स्वच्छ होतं, माणूस गोड बोलणारा. "ताई, मिनी मरीन पॅकेज घ्या. सकाळी टँक, संध्याकाळी मासे. जबाबदारी माझी." बत्तीस हजारांत दोन फुटांचा टँक, स्टँड, फिल्टर, वेव्ह मेकर, लाइट, हीटर, वाळू, दगड, 'इंपोर्टेड' मीठ सहा किलो, जिवाणूंची बाटली, दोन क्लाउन, तीन डॅमसेल आणि एक ब्ल्यू टँग हे मासे, आणि एक ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. एप्रिलच्या ठाण्यात हीटर! आमच्या टँकचं पाणी दुपारी ३१ अंशांवर जात होतं. या माशांना २५-२६ अंश लागतात. म्हणजे गरज होती पंख्याची किंवा चिलरची, आणि त्याने विकला हीटर. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर एका कोऱ्या चिठ्ठीवर 'मरीन सेट' आणि एकूण रक्कम, एवढंच लिहून दिलं.

संध्याकाळी दुकानातला पोरगा आला. बाहेरून मागवलेल्या आरओच्या कॅनमध्ये मीठ विरघळवलं, हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजायचं साधन) बुडवून काटा मला दाखवला. बरोबर १.०२५ वर. "बघा मॅडम, समुद्राचंच पाणी." मग त्या बाटलीतलं गढूळ पाणी ओतलं आणि तासाभरात मासे सोडले. बाटलीवर ना लेबल, ना तारीख. मुलगा रात्री अकरापर्यंत टँकसमोरून हलला नाही.

तिसऱ्या दिवशी ॲनिमोन आक्रसून मुठीएवढा झाला आणि टँकला कुजका वास यायला लागला. चौथ्या दिवशी क्लाउन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. फोन केला. "ताई, नवीन जागा आहे, रुळतील." पाचव्या दिवशी टँग गेला. मग त्याने नऊशे रुपयांचं निळं औषध पाठवलं. नवव्या दिवशी टँक रिकामा. त्याने दिलगिरी व्यक्त केली, 'अर्ध्या किमतीत' साडेचार हजारांचे नवे मासे पाठवले, आणि मी ते घेतले. ते दहा दिवस टिकले.

दुसऱ्या वेळी मासे मरायला लागले तेव्हा मी स्वतः जाऊन टेस्ट किट आणले. ॲमोनियाच्या परीक्षानळीत पाच मिली पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळं राहिलं तर ॲमोनिया नाही. आमचं पाणी गडद हिरवं झालं, तक्त्यावरच्या जवळजवळ शेवटच्या रंगासारखं. मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरत होते.

यातलं विज्ञान अवघड नाही. विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून ॲमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी आहेत, तिसरं मासे बरंच सोसतात. हे जिवाणू दगडावर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. हौशी लोक याला टँक 'सायकल' होणं म्हणतात. चांगल्या कंपनीच्या बाटलीने थोडी मदत होते, पण तेव्हाही टेस्ट करून खात्री झाल्याशिवाय मासा सोडायचा नसतो. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. दीड महिना थांबा म्हटलं तर गिऱ्हाईक उठून जातं, आणि मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे विकता येतात, हेही त्याला ठाऊक होतं.

मिठाचा उलगडा आईने केला. आईचं माहेर उरणकडचं, लहानपणी मिठागरं रोज डोळ्यांसमोर. उरलेली पिशवी ओट्यावर होती. तिने चिमूटभर मीठ घेतलं, बोटांत चोळलं, उजेडात धरलं. "अगं, हे तर आपलं जाडं मीठ. लोणच्याला घालतो ते. कितीला घेतलंस?" साडेचारशे रुपये किलो, हे तिला सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

मग ताज्या आरओ पाण्यात ते मीठ घालून केएच टेस्ट केली, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट मोजलं. या टेस्टमध्ये थेंब मोजायचे असतात. चांगल्या समुद्री मिठाच्या पाण्याला रंग बदलायला सात-आठ थेंब लागतात. आमचं पाणी पहिल्याच थेंबाला निळ्याचं पिवळं झालं. म्हणजे त्यात बायकार्बोनेट जवळपास नव्हतंच. आई म्हणाली तसं ते साधं मीठ, जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड; कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात योग्य प्रमाणात नसतं. हायड्रोमीटर फक्त पाण्याची घनता सांगतो. मीठ कुठलं आहे ते त्याला कळत नाही. लिटरला ३५ ग्रॅम कुठलंही मीठ घाला, काटा साधारण तिथेच येणार. तो काटा मला दाखवून गप्प बसवलं होतं.

म्हणून मीठ कंपनीच्या सीलबंद बादलीतच घ्या, वर घटक आणि बॅच छापलेली बघून. 'सुटं इंपोर्टेड' असं काही नसतं. ते निळं औषध म्हणजे तांबं होतं. माशांच्या काही रोगांवर ते वेगळ्या टँकमध्ये, मोजून वापरतात. पण ॲनिमोन, कोळंबी, गोगलगायी त्याने मरतात आणि ते दगडात मुरतं. आमचे दगड आणि वाळू त्यामुळे टाकून द्यावी लागली. ब्ल्यू टँग पूर्ण वाढला की फूटभर होतो, सत्तर-ऐंशी लिटरमध्ये त्याला फिरायलाही जागा नाही. ॲनिमोनला मुरलेला टँक आणि जबर प्रकाश लागतो. क्लाउन त्याच्याशिवाय मजेत जगतो.

एका गोष्टीतून मात्र आम्ही वाचलो. पहिल्याच दिवशी दुकानदाराने मागच्या टबमधला 'जिवंत दगड' (समुद्रातून काढलेला, जीवजंतू असलेला दगड) आणि समुद्रघोडा दाखवला होता. "हे सगळ्यांना देत नाही, ताई." बजेट संपलं होतं म्हणून घेतले नाहीत. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. असे दगड बहुतेक वेळा प्रवाळाचेच असतात, आणि घरात सापडले तर जाब घेणाऱ्यालाही द्यावा लागतो. कोणी हळू आवाजात असं काही दाखवलं तर तिथून तडक निघा.

पैसे परत मागायला गेले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही खाणं जास्त घातलंत." ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी जोडली. पण चिठ्ठीवर मिठाचा उल्लेखच नाही, माशांची नावं नाहीत, दुकानाचा जीएसटी क्रमांक नाही. प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेलं पक्कं बिल असतं तर माझी बाजू किती भक्कम झाली असती, हे फॉर्म भरताना कळलं.

मुलगा दोन दिवस टँककडे बघत नव्हता. मेलेले क्लाउन त्याने कुंडीत पुरले. नंतर तोच म्हणाला, "आई, नीट करूया ना." टँक रिकामा करून धुतला, नवे कोरडे दगड, सीलबंद मीठ आणि खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेतला. ॲमोनिया तयार व्हावा म्हणून कोळंबीचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत बांधून पाण्यात सोडला. दर दोन दिवसांनी तो टेस्ट करतो आणि वहीत लिहितो. आज एकतिसावा दिवस. काचेवर तपकिरी थर धरलाय, ॲमोनिया शून्यावर आलाय, नायट्राइट अजून ०.५ दाखवतंय. टँकमध्ये मासा नाही.