श्रीखंड: डब्यातलं, डेअरीच्या चक्क्याचं की घरी टांगलेल्या दह्याचं?

पाडवा जवळ आला की हा प्रश्न निघतोच. हल्ली त्याच्या जोडीला आणखी एक असतो: घरात कुणाची साखर वाढलेली, कुणाचं कोलेस्टेरॉल, मग श्रीखंड करायचं तरी का? माझ्या मते करायचंच. फक्त ते कशाचं आणि किती, हे आधी ठरवायचं. पाकातल्या लाडवात साखर कमी केली तर लाडू वळत नाही, जिलबीत तर पाकच सगळं काही. श्रीखंडात मात्र साखर शेवटी आणि चवीपुरती पडते. ती निम्मी केली तरी पदार्थ श्रीखंडच राहतो.

म्हणून तुलना साखरेपासूनच करू. मध्यम वाटीत साधारण १५० ग्रॅम श्रीखंड मावतं. जुन्या पद्धतीने चक्क्याच्या वजनाइतकीच साखर घातली, तर त्या वाटीत ७५ ग्रॅम साखर जाते. विकतच्या डब्यावरचा पोषणाचा तक्ता वाचला तर १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या आसपास साखर दिसते, म्हणजे वाटीत ६०. घरी अर्धा किलो चक्क्याला पाव किलो साखर घातली तर ५०, आणि दीडशे ग्रॅम घातली तर ३५. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. यात दोन वेळचा चहाही आला. डब्यातली वाटीभर ती मर्यादा एकटीच ओलांडते. घरच्या कमी साखरेच्या श्रीखंडाची अर्धी वाटी मात्र १७-१८ ग्रॅमवर थांबते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: साखर कमी केली म्हणून कॅलरी फार घटत नाहीत. साखरेची जागा चक्का घेतो आणि त्यात स्निग्धांश असतो. पण प्रोटीनही असतं, त्यामुळे असं श्रीखंड अर्ध्या वाटीतच पोटाला जाणवतं. मधुमेह असलेल्यांनी मात्र हेही मोजूनच घ्यावं. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातल्याने तो हिशोब बदलत नाही, उलट श्रीखंड सैल होतं आणि केशराचा वास मागे पडतो. आम्रखंडात थोडी सूट मिळते, कारण हापूसच्या रसाचा स्वतःचा गोडवा असतो. पण डबाबंद रसात बहुधा साखर आधीच घातलेली असते, तेव्हा चाखल्याशिवाय वरून घालू नका.

कमी साखरेची एक अट आहे: दही आंबट चालत नाही. खरं तर इतकी साखर लागते ती बऱ्याचदा आंबटपणा झाकायला. म्हणूनच मला घरी दही टांगणं महत्त्वाचं वाटतं. दही घट्ट लागलं की ते आंबण्याची वाट न पाहता लगेच पंच्यात बांधायचं, आणि उन्हाळ्याचे दिवस असल्याने चाळणीत ठेवून, खाली पातेलं घेऊन फ्रिजमध्ये निथळू द्यायचं. रात्रभरात चक्का तयार होतो. साखर घातल्यावर तिला पाणी सुटून श्रीखंड सैल पडतं. साखर कमी असेल तर तेवढं सैल पडत नाही, त्यामुळे चक्का अगदी कोरडा होईपर्यंत पिळत बसावं लागत नाही. खाली जमलेल्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या छान मऊ होतात.

डेअरीचा चक्का हा मधला मार्ग. दोन दिवसांचं काम वाचतं आणि साखर तुमच्या हातात राहते. पण दही किती आंबट होतं, दूध कोणतं होतं, हे तुम्हाला कळत नाही. घेण्याआधी चमचाभर चाखून बघा. आंबट निघाला तर साखर वाढवत बसण्यापेक्षा दुसरीकडे जा. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी रांगेत ही निवड करता येत नाही, तेव्हा एक दिवस आधीच आणलेला बरा.

दुधाचं काय? एक लिटर दुधातून साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो आणि दुधातला बहुतेक स्निग्धांश त्यातच उतरतो. फुल क्रीम दुधात तो ६ टक्के, टोन्डमध्ये ३ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम चक्क्यात एकीकडे १५ ग्रॅमच्या जवळपास, दुसरीकडे त्याच्या निम्मा. टोन्ड दुधाचा चक्का रवाळ होतो, पुरणयंत्रातून फिरवला तरी तो रेशमी पोत येत नाही. डबल टोन्डच्या वाटेला तर मी जाणारच नाही. रोजचं जेवण असतं तर गोष्ट वेगळी. सणाला फुल क्रीम आणि गायीचं दूध निम्मं-निम्मं घ्यावं आणि वाटी लहान ठेवावी. कोलेस्टेरॉलची औषधं चालू असलेल्यांसाठी टोन्ड दुधाचं थोडं वेगळं काढता येतं.

डब्याची बाजू एकाच ठिकाणी भक्कम आहे: तो टिकतो. साखर हीच तिथे टिकवण्याचं कामही करते. घरचं कमी साखरेचं श्रीखंड फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवायला हवं. अचानक पाहुणे आले, घरी एकटं माणूस आहे, दूध विरजायला वेळ नाही, तर लहानात लहान डबा आणा. त्यात थोडा ताजा चक्का फेटून घातला तर गोडी लगेच उतरते.

पुरीबद्दल थोडंसंच. सणाला पुरी असावीच, दोन-तीन गरम पुऱ्यांनंतर पोळीवर यावं. उरलेलं श्रीखंड दुसऱ्या दिवशी पोळीशीच जास्त चांगलं लागतं.

परदेशात असाल तर पूर्ण फॅटचं ग्रीक योगर्ट, कसलाही स्वाद किंवा साखर नसलेलं, तासाभर कापडावर निथळून घ्या. ते मुळातच गाळलेलं असतं आणि फार आंबट नसतं, त्यामुळे अर्ध्या किलोला सव्वाशे ग्रॅम साखर पुरते. फॅट-फ्री डब्याचं श्रीखंड मात्र खडूसारखं लागतं, ते घेऊ नका. केशर कोमट दुधात खलून घाला, वेलची ताजी कुटा आणि जायफळ अगदी चिमूटभर.