गॅदरिंगलाच सगळा पैसा, की प्रत्येक गटाला थोडा थोडा?

कॉलेजचा सांस्कृतिक फंड कसा वाटायचा हे ज्यांना यंदा ठरवायचं आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो, खास करून गडचिरोलीकडच्या कॉलेजांसाठी. आपल्याकडं एकाच वर्गात भामरागडची माडिया आदिवासी पोरगी, सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा पोट्टा, मुलचेरा-चामोर्शीकडचे बंगाली आणि आपले झाडीबोलीवाले असतात, आन तीन वर्षं सोबत बसून एकमेकांच्या घरी कोणता सण होते ते माहीत नसते.

सगळा पैसा गॅदरिंगला दिला तर हिशोब सोपा. एक मांडव, एक डीजे, बिलं दोन-चार, गर्दीही होते. पण स्टेजवर कोण दिसते ते बघा, सरांच्या ओळखीचेच. रेला, म्हणजे आदिवासींचा नाच, ठेवला तरी पाहुण्यांच्या स्वागतापुरता, मग नाचणाऱ्या पोरी परत मागच्या रांगेत.

माडिया, तेलुगू, बंगाली, झाडीबोली अशा पोरांच्या गटांना वेगळा पैसा दिला तर काम वाढते हे खरं. पण 9 ऑगस्टचा आदिवासी दिन कसा करायचा, तेलुगू लोकांच्या बतुकम्मा सणाला कोणाला बोलवायचं, सरस्वती पूजेचा खर्च किती, हे पोरं स्वतः ठरवतात, त्यासाठी ऑफिसात जातात, सरांशी बोलतात, ज्युनियरला सोबत घेतात, आणि होस्टेलात गप्प बसणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोराला आपल्या भाषेत बोलणारं कोणीतरी भेटते. माझ्या मते कॉलेज आपलं वाटायला इथूनच सुरुवात होते, रक्कम छोटी असली तरी. गट आपापल्यातच राहतील ही भीती खोटी नाही, म्हणून थोडा पैसा फक्त दोन गटांनी मिळून केलेल्या कार्यक्रमाला ठेवा, झाडीपट्टीतली दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, आणि रेला एकाच रात्री होऊ द्या ना.

वाटप मात्र हात वर करून नका ठरवू. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या केसमध्ये 2000 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विद्यार्थ्यांच्या फीतून गटांना पैसा देता येते, पण गटाचे विचार पाहून भेदभाव नको, आणि बहुमताच्या जोरावर पैसा द्यायचा किंवा काढायचा यालाही कोर्टानं हरकत घेतली. कायदा तिकडचा आहे, पण वर्गात माडिया पोरं चारच असतील तर मतदानात ते कधी जिंकतील, सांगा. नियम आधी लिहा, सगळ्यांना तोच लावा.

आणि एक, 'आधी खर्च करा, बिल आणा, मग पैसे' हे बंद करा. ज्याच्या घरून महिन्याचे पैसेच कसेबसे येतात तो ढोलाचं भाडं खिशातून कुठून भरणार? निम्मी रक्कम तरी ॲडव्हान्स द्या, तीही जुलैतच, कारण ॲडमिशनच्या गडबडीत 9 ऑगस्ट कधी येते कळत नाही.