टायटॅनिकला हिमनगापासून कशानं वाचवलं असतं, टेहळणीवाल्याचे डोळे की 1904 चं रडार?
आपल्या मराठवाड्यात रडार म्हणलं की 2015 ला औरंगाबादला ढगांसाठी बसवलेलं आठवतं, पण ह्युल्समायर नावाच्या जर्मन माणसानं 1904 मधीच कोलोनला रेडिओ लहरींनी जहाज हुडकून दाखवलं होतं, समोर जहाज आलं की घंटी वाजायची, साधारण 3 किलोमीटरवरून. टायटॅनिक बुडालं 1912 ला!

आता टेहळणीवाले बघा. चंद्र नाही, समुद्र एकदम शांत म्हणून हिमनगाच्या बुडाशी लाटा फुटून पांढरं काही दिसत नव्हतं, आणि जहाज 22 नॉटच्या (तासाला साधारण 40 किलोमीटर) आसपास पळतंय. हिमनग दिसला तेव्हा हातात जेमतेम मिनिटभर होता. 3 किलोमीटरवरून कळलं असतं तर चार मिनिटं मिळाली असती, तेवढ्यात जहाज आरामात वळलं असतं.

पण बर्फ म्हणजे लोखंड नाही ना, लहरी लई कमी परतवतो, आणि त्या यंत्राला थेट अंतरही सांगता येत नव्हतं. 1959 ला हान्स हेडटॉफ्ट हे जहाज रडार असूनही ग्रीनलंडजवळ हिमनगाला धडकलं, 95 जण गेले.

माझं मत विचाराल तर 1904 च्या यंत्रापेक्षा वेग कमी करून डोळ्यांवर भरवसा ठेवणंच बरं होतं, दुसऱ्या महायुद्धातल्या रडारनं मात्र तसल्या शांत पाण्यात एवढा मोठा हिमनग वेळेत दाखवला असता.