मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट : साइटवर चोख, सॉफ्टवेअरमध्ये अवघडलेले

कामांचे वेळापत्रक आखणाऱ्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा बांधकामात स्लॅबपाशी होते. साधे पोर्टलँड सिमेंट वापरले असेल आणि पाणी नीट मारले जात असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस काढू नयेत, असे आयएस ४५६ : २००० हे मानक सांगते. हे दिवस सलग मोजायचे असतात. गवंडी सुटी घेतो, काँक्रीट घेत नाही. दोन कामांमधला ‘लॅग’, म्हणजे मधे थांबायचा काळ, ७ ‘इलॅप्स्ड’ (सलग) दिवसांचा दिला, की हे सॉफ्टवेअर सुट्याही मोजते आणि पुढचे वीटकाम, प्लास्टर व फ्लोअरिंग त्या हिशेबाने सरकवते. शिवाय मूळ आराखडा ‘बेसलाइन’ म्हणून जपता येत असल्याने मुदतवाढ मागताना उशीर नेमका कुठे झाला, हे तारखांनिशी दाखवता येते.

हेच साधन एका सॉफ्टवेअर कंपनीत वापरलेले पाहिले, तेव्हा मात्र त्याची दमछाक दिसली. तिथे कामांचा क्रम बराचसा सोयीने ठरवलेला असतो आणि ग्राहकाने पहिली आवृत्ती हाताळली की मागण्याच बदलतात. त्यामुळे आठवड्याला कामांमधले सगळे दुवे नव्याने जोडत बसावे लागते. साइटवरच्या ‘८० टक्के पूर्ण’मागे मोजमाप पुस्तकातले घनमीटर असतात, इथे तो प्रोग्रामरचा अंदाज असतो, आणि उरलेल्या २० टक्क्यांतच बहुतेक बग दडलेले असतात. ‘एफर्ट ड्रिव्हन’ पर्याय निवडून माणसे दुप्पट केली की कालावधी निम्मा होतो, हे गणित वीटकामात एका मर्यादेपर्यंत चालते; कोडच्या कामात नव्याला शिकवण्यातच जुन्यांचे दिवस जातात.

अशा कामाला बॅकलॉग (बाकी कामांची यादी) आणि दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे छोटे टप्पे) सांभाळणारे जिरा हे सॉफ्टवेअरच बरे. अर्थात जिरा साइटवर आणण्यातही शहाणपण नाही, कारण स्लॅब ऐनवेळी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलला, तरी रेडी-मिक्सच्या गाड्या आणि पंप त्याच सकाळचे सांगितलेले असतात.

बहुमजली इमारतीच्या ठेकेदाराने मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट जरूर घ्यावे. एखाद्या बंगल्यासाठी एक्सेलमधला बार चार्ट पुरतो. डेस्कटॉप आवृत्ती केवळ विंडोजवर चालते, त्यामुळे साइट इंजिनिअरच्या मोबाइलवर दर आठवड्याला पीडीएफ पाठवण्याची तयारी ठेवावी.